मानेवरच्या तीन वळ्या

डुफीच्या मानेवर तीन वळ्या होत्या. पहिली हनुवटीखाली दोन बोटांवर, दुसरी तिच्याखाली बोटभर अंतर सोडून, आणि तिसरी खांद्याकडे उतरताना जराशी डावीकडे झुकलेली. फलकावरच्या डाव्या फोटोत या तिन्ही वळ्या स्पष्ट दिसत. उजव्या फोटोत एकच दिसे, आणि तीही ऊन तिरपे पडले तर. गाल, दंड, कंबर यांतही फरक होताच. पण घानातल्या कुमासी शहराच्या बांतामा भागात बाईचा फोटो पाहणारा माणूस कंबर नंतर पाहतो, आधी मान पाहतो. तिथे लाकडी बाहुली कोरणारासुद्धा आधी मानेच्या वळ्या कोरतो आणि मग, लाकूड उरले तर, नाकडोळे.

क्वाजो सार्फोला हे ठाऊक नव्हते असे नाही. लग्नाआधी मुलगी पाहून आलेल्या त्याच्या आईने दुसरे काही सांगितलेच नव्हते. नुसती तीन बोटे वर केली होती. पण माणूस जाहिरात करायला बसला की ठाऊक असलेल्या गोष्टी सर्वांत आधी विसरतो.

आणि जाहिरात करणे तर भागच होते. कोको कंपनीच्या कचेरीतून निवृत्त होऊन सार्फोने जिम काढली, तेव्हा त्या रस्त्यावर ती एकटी होती. मग समोर 'बुल पॉवर' आली आणि चौकापलीकडे 'जेरुसलेम फिटनेस'. तिन्ही जिमच्या भिंती सोलोमन पेंटरने रंगवल्या होत्या, आणि सोलोमनच्या हातात एकच माणूस बसलेला होता: कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवरून उचललेला, निळ्या चड्डीतला, दंडावर शिरा फुगलेला, डावा हात उजव्यापेक्षा थोडा मोठा. सार्फोच्या भिंतीवर तो जसाच्या तसा होता. बुल पॉवरने त्याला बैलाचे डोके लावून घेतले होते. जेरुसलेमवाल्यांनी, पाळकांची बायको त्या रस्त्याने जाते म्हणून, त्याला पांढरी लांब पँट चढवली होती. डावा हात मात्र तिन्हीकडे मोठाच. परिणाम असा की बँकेतला एक तरुण फी बुल पॉवरमध्ये भरून वजने सार्फोकडे उचलत होता, आणि ही गोष्ट त्याच्यासकट कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

पुढे बुल पॉवरने प्रत्येक गिऱ्हाइकाला व्यायामानंतर उकडलेले अंडे द्यायला सुरुवात केली आणि तसे भोंग्यावरून गावभर सांगितले. जेरुसलेमने वजन उचलण्याआधी प्रार्थना सुरू केली. सार्फोकडे ना अंडे होते, ना पाळक. त्याच्याकडे सल्ला द्यायला होते ते कोपऱ्यावरचे औषधवाले मिस्टर तांडो. दुसऱ्याच्या अडचणीत त्यांची बुद्धी फार चाले. त्यांचे म्हणणे असे पडले की, लोक चित्रावर विश्वास ठेवत नाहीत, ओळखीच्या माणसावर ठेवतात. खोकल्याचे औषध ते स्वतः काउंटरवर उभे राहून पितात, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा सार्फोनेही असा एक माणूस शोधावा, जो सगळ्या बांतामाला माहीत आहे आणि जिममुळे बदलला आहे.

सार्फोने आपले सभासद एकेक करून डोळ्यांपुढे आणले. दांडगी पोरे होती, ती आली तेव्हाच दांडगी होती. विमा कंपनीतले एक गृहस्थ बदलले होते खरे, पण ते जाड झाले होते.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने समोर पाहिले आणि त्याला आपली बायको दिसली. डुफी बारीक झाली होती. कधी झाली, कशाने झाली, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. घरातली भिंत सावकाश रंग उडून फिकी होते तसेच ते झाले होते. इतर कोणी नवरा असता तर त्याने विचारले असते, तुला बरे नाही का? सार्फोच्या मनात फलक उभा राहिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डुफी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवी. तिने नवऱ्याकडे एक मागणे तीनदा मांडले होते. पहिल्यांदा पावसाळ्यात, मग उत्तरेचे कोरडे, धुळीचे वारे सुटले तेव्हा, आणि मग ईस्टरला. मागणे साधे होते: सकाळी शाळेआधी जिम बायकांसाठी ठेवायची. त्या वेळी ती दांडगी पोरे येत. बायकांकडे बघत वजने उचलत आणि उचलली की धाडकन टाकत. सार्फोने तिन्ही वेळा एकच उत्तर दिले होते: "बघू." त्या घरात या शब्दाचा अर्थ काय होतो, हे खुद्द सार्फोइतके कोणाला माहीत असणार?

आता त्याने तिला विचारले की, तुझे दोन फोटो फलकावर लावले तर चालेल का. डुफी उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बघू."

सार्फोने तो होकार धरला.

डावा फोटो तिच्या बहिणीच्या लग्नातला होता, केंटेच्या भरजरी वस्त्रातला, सोन्याच्या माळेसह. उजवा त्याने स्वतः काढला, फाटकापाशी, ती शाळेतून येऊन चपला काढत असताना. दोन्हींच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिले: 'आधी' आणि 'नंतर'. आणि त्याखाली, मिस्टर तांडोंनी सुचवल्याप्रमाणे: 'फरक कोणी केला? सार्फोने.' सोलोमनला हे काम मिळाले नाही, कारण फलक छापायचा होता. तो दुखावून एवढेच म्हणाला की, माझ्या माणसाने आजवर कोणाचे वाईट केले नाही. त्या वेळी हे कोणी मनावर घेतले नाही.

परवानगीसाठी सार्फो कचेरीत गेला, तेव्हा तिथल्या साहेबांनी फलकाचा नमुना बराच वेळ न्याहाळला आणि हलक्या आवाजात विचारले, "कधी गेल्या?"

सार्फोने सांगितले की बाई हयात आहेत, आत्ता शाळेत शिकवत आहेत. साहेबांना वाईट वाटले. बांतामात बाईचा एवढा मोठा फोटो चौकात लागतो तो अंत्यविधीचे निमंत्रण म्हणून. त्या फलकांना तिथे काही अडचण नसते, कारण शोकाच्या आड कोण येणार? जाहिरातीच्या फलकाला मात्र रस्ता, विजेचा खांब आणि गटार या तीन खात्यांचे मत लागते. साहेब भला माणूस होता. नाइलाजाने तो म्हणाला, "अंत्यविधीचा म्हणून लावता आला असता, तर आजच्या आज काम झालं असतं हो. बघा विचार करून."

सार्फोने विचार केला नाही, पण तो थांबलाही नाही. तीन खात्यांचे मत येण्याआधीच चौकात फलक चढला.

पहिल्या दिवशी गर्दी जमली. लोक थांबत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत, पुन्हा डावीकडे बघत आणि उसासा टाकून निघून जात. जिममध्ये कोणी आले नाही. सार्फोच्या घरी मात्र संध्याकाळी केंके विकणाऱ्या बाईने आंबवलेल्या मक्याचे, पानात गुंडाळलेले गरम केंके पाठवले, डुफीसाठी, पैसे न घेता. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून पामच्या फळांचे तांबडे, दाट कालवण आले. मग सुरण, मग सुकी मासळी. चर्चमधल्या बायकांनी डुफीचे नाव घेऊन प्रार्थना केली. शाळेत मुख्याध्यापिकेने तिचे दोन तास काढून घेतले आणि डोळ्यांना रुमाल लावला. डुफी या सगळ्याला सभ्यपणे धन्यवाद देत राहिली. घरी आल्यावर तिने नवऱ्याला फलक उतरवायला सांगितले.

"बघू," सार्फो म्हणाला. लोक निदान बोलत तरी होते, आणि मिस्टर तांडोंच्या मते बोलणे हा गिऱ्हाइकीचा अंकुर असतो.

मग एके दिवशी डुफीच्या माहेराहून, मंपोंगहून, येणाऱ्या ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या गाडीत, तिची एक मावशी खिडकीशी बसली होती. गाडी चौकात वळली. मावशीने फलक पाहिला, दोन फोटो पाहिले, आणि तिला जे समजायचे ते समजले: अशी होती, मग अशी झाली. तिने तिथूनच फोन लावला. कोणी उचलला हे न पाहता ती रडत विचारू लागली की मुलगी कधी गेली, कशाने गेली, आणि पुरायचे कधी ठरले.

"मावशी," पलीकडून उत्तर आले, "मीच बोलतेय."

भाची जिवंत आहे याचा आनंद फार टिकला नाही. जिवंत आहे, तर मग अशी का दिसते, हा प्रश्न पुढे आला आणि तो मावशीने मंपोंगला नेऊन मामांपुढे ठेवला.

तिकडे मूल आईच्या कुळाचे असते आणि कुळाचा शब्द मामाचा असतो. बोआटेंग मामा रविवारी आले. बरोबर दोन मावश्या आणि मामांचा ओच्यामे होता. कारण मोठ्या माणसाने समोरच्याशी थेट बोलणे बरे दिसत नाही, ते ओच्यामेने पोचवायचे. त्यांना बसवले, पाणी दिले, आणि रीतीप्रमाणे येण्याचे कारण विचारले. मामांनी ओच्यामेच्या कानात काही सांगितले. ओच्यामेने घसा साफ केला आणि तीन हातांवर बसलेल्या सार्फोला, जणू तो नदीपलीकडे आहे अशा आवाजात, सांगितले, "मामा म्हणतात, आम्ही मुलगी दिली तेव्हा तीन होत्या. त्या कुठे आहेत?"

डुफीला दिव्याखाली बसवून मावश्यांनी तिची मान बोटांनी चाचपली. सार्फो बोलू लागला. हा व्यायामाचा परिणाम आहे, ही प्रगती आहे, शहरात आता असेच चालते, असे तो सांगत गेला. ओच्यामेने ते सगळे ऐकून घेतले आणि मामांना चार शब्दांत पोचवले: "कबूल आहे. यानेच केलं."

मामांनी ठरवले की मुलगी मंपोंगला येईल, पोटभर जेवेल आणि वळ्या परत आल्या की मग पुढचे बोलू. शाळेला सुट्टी लागलेलीच होती. डुफीने एकदाच नवऱ्याकडे पाहिले. तो त्या वेळी एका विवंचनेत होता: व्यायामाने नाही म्हणावे तर फलकाचे काय होणार? ती आत गेली आणि बॅग भरू लागली.

सोमवारी बुल पॉवरच्या दारावर नवीन फलक लागला: 'आमच्या जिममधून कोणाची बायको माहेरी गेलेली नाही.' जेरुसलेमने आपल्या पांढऱ्या पँटवाल्याच्या खाली लिहून घेतले: 'देहाला शिस्त. मानेला धक्का नाही.' स्पर्धकापेक्षा आपण वेगळे आहोत हे लोकांना पटवून द्यायचे असते, असे सार्फोने स्वतःच कितीदा म्हटले होते. आता ते पटले होते. सभासदांच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना सार्फोच्या दारावरूनही जायला बंदी केली. दांडगी पोरे अंड्यांकडे गेली. कचेरीचा माणूस येऊन फलकावर लाल रंगाने 'हटवा' असे लिहून गेला, आणि जागा उरली होती ती नेमकी उजव्या फोटोच्या पोटावर.

घरी केंके येणे बंद झाले. ते तिच्यासाठी येत होते. दोन्ही मुलगे दूरच्या कॉलेजात, वसतिगृहावर होते, त्यामुळे घरात सार्फो एकटाच डब्यातली मासळी पावाला लावून खाई आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघे. तिथे बसणारी बाई बारीक का झाली होती, हा प्रश्न त्याला आता रोज पडू लागला. जिममध्ये तर तिने कधी पाऊल टाकले नव्हते. आजारी होती का? तिला विचारायला फोन करावा, तर मावश्या फोन उचलत आणि तिचे जेवण चालले आहे असे सांगत. कोणत्याही वेळी फोन केला तरी तिचे जेवणच चाललेले असे.

शेवटी रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली घेऊन तो मंपोंगला निघाला. सासरच्यांपुढे हात जोडायला गेलेल्या माणसाने स्वतः बोलायचे नसते, आणि सार्फोचे काका अंथरुणाला खिळलेले. तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला मिस्टर तांडो आले. ते सबंध वाट ट्रोट्रोत भाषणाचा सराव करत होते. पुढच्या बाकावरच्या दोघांनी त्यांच्याकडून कफाची गोळीही घेतली. त्यांचे धोरण ठरलेले होते. सार्फोने तोंड उघडायचे नाही. प्रगती, विज्ञान आणि शहर या तीन मुद्द्यांवर ते एकटे किल्ला लढवतील.

अंगणात सगळे जमले होते. मावश्यांच्या मध्ये डुफी बसली होती, पुढ्यात फुफूचा, म्हणजे कुटलेल्या कंदाच्या गोळ्याचा, वाडगा. सार्फोने आधी तिची मान पाहिली आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली. मधोमध, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, फलक जमिनीवर पसरलेला होता. पुरावा म्हणून मामांनी तो चौकातून सोडवून आणला होता. दोन कोंबड्या 'नंतर'वरून चालत 'आधी'कडे गेल्या आणि तिथेच बसल्या.

पाणी झाले, श्नॅप्स स्वीकारली गेली, येण्याचे कारण विचारले गेले. मिस्टर तांडो उठले. ते इतका वेळ बोलले की एका मावशीचा डोळा लागला. बसताना त्यांनी सार्फोकडे असे पाहिले, जणू बाटलीचे बूच घट्ट लावून ठेवले आहे.

मामा कुजबुजले. ओच्यामे म्हणाला, "मामा म्हणतात, औषधवाले चांगलं बोलले. कशावर ते कळलं नाही. आता हा कागद काय म्हणतो ते ऐका." त्याने काठीचे टोक फलकावर टेकवले आणि वाचले, "फरक कोणी केला? सार्फोने. तर मामा विचारतात, कागद हे म्हणतो, सार्फो स्वतःच्या तोंडाने म्हणतो का? तुझ्या यंत्रांनी आमच्या मुलीचं अंग नेलं का?"

हो म्हटले तर जिमचा दावा खरा ठरणार आणि बायको इथेच राहणार. नाही म्हटले तर फलक खोटा, आणि हे ऐकायला मिस्टर तांडो हजर. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट उद्या सकाळी प्रत्येक पुडीबरोबर बांतामाभर जाणार. बुल पॉवरला नवीन फलक लिहायला आणखी काय हवे? सार्फो खाली बघत राहिला. फाटकापाशी चपला काढणारी बाई त्याच्याकडे बघत होती. फोटो काढताना लक्षात आले नव्हते, पण तिची चप्पल झिजलेली होती. चामडे टाचेपाशी पार खाली गेले होते.

"नाही," तो म्हणाला. मिस्टर तांडोंनी त्याचा सदरा ओढला. "माझ्या जिममध्ये ती कधी आलीच नाही. फलक खोटा आहे. ती कशानं बारीक झाली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

ओच्यामेने हे मामांना सांगायला तोंड उघडले, तेव्हा मामांनी त्याला हाताने थांबवले; त्यांनी ते ऐकले होते. मग ओच्यामे पहिल्यांदाच डुफीकडे वळला. इतके दिवस तिच्या मानेवर एवढी खलबते झाली होती, पण तिला कोणी काही विचारले नव्हते.

डुफीने वाडगा बाजूला ठेवला. ती वर्गात बोलते तसे, न घाई करता बोलली. "मी आजारी नाही. पहाटे शाळेच्या मैदानाभोवती चालते. मी आणि आमच्या तीन शिक्षिका. याच्याकडे मी तीनदा सकाळची वेळ मागितली होती, बायकांसाठी. बघू म्हणाला. मग मैदानाला फेऱ्या सुरू केल्या."

मामा विचारात पडले. ओच्यामेशी त्यांचे बराच वेळ बोलणे चालले, आणि मग ओच्यामेने गंभीरपणे जाहीर केले, "मामा म्हणतात, यानं वेळ दिली नाही म्हणून ही चालली, चालली म्हणून अंग उतरलं. म्हणजे फरक सार्फोनेच केला. कागद खरा आहे. खोटा हा माणूस आहे."

मिस्टर तांडोंनी खिशातून कफाची गोळी काढून स्वतःच्याच तोंडात टाकली.

"पण मुली," थोरली मावशी न राहवून थेट बोलली, "कशासाठी गं? तुझी मान बघून लोक वाट सोडायचे."

"मावशी, आईच्या मानेला पण तीन होत्या," डुफी म्हणाली. "चुलीपासून दारापर्यंत यायला तिला दोनदा बसावं लागायचं. डॉक्टर प्रेशर म्हणाले, आपण म्हणालो, खात्यापित्या घरची आहे. तिन्ही वळ्या घेऊनच गेली ती. मला आता शाळेचा चढ एका दमात चढता येतो. चढावर मला किती दम लागतो ते मोजलं, आणि मगच मी चालायला लागले."

आई म्हणजे मामांची सख्खी बहीण. मामांनी ओच्यामेच्या कानाशी नेलेले तोंड मागे घेतले आणि ते जमिनीवरच्या फलकाकडे पाहत राहिले. डावीकडच्या फोटोकडे, जो बहिणीशी फार मिळताजुळता होता. कोणीतरी कोंबड्या हाकलल्या. मावशीने फुफूचा वाडगा उचलला आणि आत नेऊन ठेवला.

मग मामा बोलले, आणि ते ओच्यामेकडे न वळता बोलले. "जावईबापू, हिनं तीनदा मागितलं. आता चौथ्यांदा मी मागतोय. काय उत्तर आहे?"

मिस्टर तांडो उठू लागले, तर दोन्ही मावश्यांनी त्यांना बसवले. सार्फोच्या तोंडात सवयीने जुनाच शब्द आला होता. ओठांपर्यंत आला आणि तिथे थबकला, कारण डुफी त्याच्या ओठांकडेच बघत होती. त्याला दिसले की ती तोच ऐकायला तयार होऊन बसली आहे, आणि ऐकल्यावर काय करायचे तेही तिने ठरवले आहे. त्याने तो गिळला. मामांकडे न पाहता, ओच्यामेकडे न पाहता, तो तिलाच म्हणाला,

"पहाटेपासून शाळेची घंटा होईपर्यंत जिम बायकांची. किल्ली तुझ्याकडे."